बघितला तोच लॅपटॉप

आमच्या घरमालकांनी वरचा मजला आम्हाला भाड्याने दिला तो माझ्या नवऱ्याला चालवून बघून. पुंडलिकनगरातली गोष्ट. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "पाव्हणं, जरा त्या गेटापासून इथवर चालून दाखवा." नवरा वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून आलेला, पायांचे तुकडे पडलेले, पण बिचारा चालला. मग मालकांनी त्याच्या दारात काढलेल्या चपला उलट्या केल्या आणि तळ बघितले. दोन्ही सारखे झिजले होते. आमची मुलगी तेव्हा माझ्या पदराआड बिस्कीट खात होती. "खातं लेकरू हाय," ते म्हणाले, "सामान कधी आणता?"

आमच्या आधी एका बँकेतल्या साहेबांना त्यांनी परत पाठवलं होतं, कारण त्यांची डावी टाच जास्त झिजली होती. "एका अंगावर चालतो. भाडं येळेवर देईल, पण सुखानं राहणार नाय," हा निकाल. त्या साहेबांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, पण मालक वर्षभर खात्रीने सांगत होते की त्यांची कुठेतरी बदली झाली असणार.

मूळचे ते पिशोरकडचे. शेती होती, पण शेतीपेक्षा बाजार जास्त केलेला. चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात दलाली केली. बैल घ्यायचा तर शेतकरी आधी यांना गाठायचा. हे बैलाचे दात बघणार, खूर बघणार, अंगावरचे भोवरे मोजणार, चालवून, बसवून, उठवून बघणार, आणि मग पसंती देणार. मुलं नोकऱ्यांना लागली, शहरात घर बांधलं, बाजार सुटला. पण हाताला लागलेली सवय कुठे सुटते? बैल नाहीत म्हणून ते जगातल्या उरलेल्या सगळ्या वस्तू तपासायचे. गच्चीवरची पाण्याची मोटर त्यांच्या मते अडेल होती. खालचा मिक्सर मारका होता. आमचा फ्रिज गुणी, पण त्याला रात्री कण्हायची खोड. काकू म्हणजे त्यांची बायको एकदा मला म्हणाल्या, "मला बघाया आले तवा बी हेच केलं यांनी. चारचौघांत भरलेली घागर उचलायला लावली." मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? "उचलली आन् त्यांच्या पायावर सांडली. पसंत केलं."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. मालकांच्या हातून चूक व्हायची नाही. म्हणजे व्हायची, पण ती त्यांची नसायची. त्यांनी निवडून आणलेला कूलर भर मे महिन्यात गरम वारा फेकत होता, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "कूलर चांगला हाय. हवा खराब हाय." थाप मारून, कानाशी धरून आणलेलं कलिंगड आतून पांढरं निघालं तर ते अख्खं एकट्याने खाल्लं आणि पांढरं पोटाला थंड असतं असं सांगितलं. मला आधी याचा राग यायचा. मग एकदा त्यांनीच कारण सांगितलं. दलालाने एकदा जरी 'माझी निवड चुकली' म्हटलं की त्याच्या हाती पुन्हा कुणी दावं देत नाही. चाळीस वर्षांची पत एका शब्दात जाते. त्यामुळे तो शब्द त्यांनी तोंडातूनच काढून टाकला होता.

आता लॅपटॉपचं. मी विज्ञानाची शिक्षिका. मुलगी झाल्यावर शाळा सोडली आणि सहा वर्षं घरी बसले. पुन्हा नोकरी शोधायला निघाले तर जिथे जाईन तिथे एकच उत्तर, मॅडम, मधे फार खंड पडलाय. अर्ज करून करून थकले. शेवटी ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेने उत्तर दिलं. एक तास शिकवून दाखवा, पसंत पडलं तर लगेच घेऊ, नाही पडलं तर पुढच्या वर्षी बघू. अट एकच, मोबाइल चालणार नाही, लॅपटॉप हवा. तास ठरला रविवारी सकाळी अकराला, आणि हातात तीन आठवडे होते. मला ती नोकरी किती हवी होती ते मी नवऱ्यालासुद्धा पूर्ण सांगितलं नव्हतं. आणखी एका वर्षाचा खंड पडला असता तर मी पुन्हा अर्ज केला नसता.

घरात एकच लॅपटॉप येणार म्हटल्यावर ज्याला त्याला तो आपल्यासाठी हवा होता. नवऱ्याला क्रिकेटसाठी पडदा मोठा हवा, मुलीला चित्रं काढायला हवा, मला कॅमेरा आणि आवाज चांगला हवा. चाळीस हजारांच्या वर जायचं नाही एवढंच एकमत होतं. नवऱ्याला पाळीमुळे दुकानं फिरायला वेळ नाही, आणि मी एकटी निघाले त्या दिवशी मालक गेटाशी उभे. "एवढ्या पैशाचं जनावर घ्यायला एकटी चालली, ताई?" असं म्हणून त्यांनी खांद्यावर उपरणं टाकलं. नाही कसं म्हणणार?

पहिला आठवडा त्यांनी काहीच घेऊ दिलं नाही. "पयल्या बाजारात घेत नसतात. पयल्या बाजारात बघतात." आम्ही निराला बाजारात बघितलं, जालना रोडला बघितलं, सिडकोत बघितलं. त्यांची पद्धत ठरलेली. आधी लॅपटॉपकडे लांबून बघायचं. मग झाकण दहा-बारा वेळा उघडून मिटायचं आणि कान लावून ऐकायचं. मग प्रत्येक बटण बोटाने हलवायचं. "दात हालतोय," ते एका दुकानात म्हणाले, आणि खरंच, खालच्या ओळीतलं एक बटण निखळलेलं होतं, दुकानदारालाच ठाऊक नव्हतं. मग तळहात खाली घालून पोट तापतं का बघायचं. एका ठिकाणी चांगला अर्धा तास हात तसाच ठेवून ते उभे राहिले. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या लॅपटॉपचं पोट खरंच तव्यासारखं तापलं आणि आम्ही तो सोडून दिला. म्हणजे माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. चार गोष्टी त्यांच्या बरोबर यायच्या आणि मग पाचवीला मी मुकाट्याने मान डोलवायची.

एका विक्रेत्याने बॅटरी सात तास चालते म्हटलं तर यांनी विचारलं, "चाऱ्याशिवाय सात तास? का मधे मधे टाकावा लागतो?" तो म्हणाला, मधे नाही टाकावा लागत. "मग बसवा त्याला. मी बसतो सात तास." मी त्यांना ओढून बाहेर काढलं.

असे तीन आठवडे गेले आणि तासाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, पैठण गेटजवळच्या एका दुकानात त्यांना एक लॅपटॉप मनातून आवडला. तसला लॅपटॉप मला तर पहिल्या दिवसापासून आवडत होता. झाकण घट्ट, दात पक्के, पोट थंड. मला वाटलं, सुटले. पण अजून भाव व्हायचा होता.

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी हातावर कापड टाकायचं आणि कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवायचा, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना कळत नाही. मालकांनी विक्रेत्याला जवळ बोलावलं, त्याचा हात हातात घेतला आणि वरून उपरणं टाकलं. विक्रेता तिशीतला, मिशा राखलेला, शहागंजकडचा माणूस. त्याने आधी उपरण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तो वळवळायला लागला. "चाचा, हाथ छोडो ना. गुदगुल्या हो रहे मेरेकू."

"गप ऱ्हा. आकडा बघ."

"कौनसा आकडा?"

मालकांनी पुन्हा तीन बोटं दाबली. विक्रेत्याच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला आणि तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडला, "तीन हजार कम? नई होता चाचा!" मालकांचा चेहरा असा झाला की जणू त्याने भर चौकात त्यांचं धोतर फेडलं. त्यांनी उपरणं काढून झटकलं आणि मला हळूच म्हणाले, "भाव तोंडानं बोलला. काय हे लोक." पण तेवढ्यात दुकानाचे मालक हसत बाहेर आले आणि त्यांनी दीड हजार कमी केले, वर एक पिशवी दिली.

मग विक्रेत्याने आतून बंद खोकं आणलं.

"हे काय?" मालक म्हणाले.

"तुमचा पीस, चाचा. एकदम नया. सील पॅक."

मालक माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती बघितली. "ताई, बघितला एक आन् देतोय दुसरा. गोठ्यातून आणून दावं हातात देतोय. चला."

मी समजावलं, विक्रेत्याने समजावलं, दुकानाच्या मालकांनी समजावलं. दोन्ही अगदी सारखे असतात. "सारखे तर बैल बी असतात," मालक म्हणाले, "दुरून." जो आपण चालवून बघितला, ज्याचे दात मोजले, ज्याच्या पोटाला हात लावला तो सोडून खोक्यातला न बघितलेला घ्यायचा, हे त्यांच्या बुद्धीत शिरायलाच तयार नव्हतं. शेवटी दुकानवाले म्हणाले, बरं, मांडलेलाच न्या, आणखी थोडे कमी करतो. "मगर चाचा," विक्रेता म्हणाला, "इसमें दुकानका डेमो डालेला है. अंदर लेजाके निकालना पडता. आधा घंटा."

"आत नाय."

"अंदरच मशीन है ना."

"माझ्या डोळ्याआड नेलं तर सौदा मोडला." आत नेऊन बदलतात, हे त्यांनी बाजारात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. विक्रेत्याने हात टेकले. आणि मी काय केलं? मी खरं तर ठणकावून सांगायला हवं होतं. पण तीन आठवडे दुकानं हिंडून माझ्या नाकी नऊ आले होते, दुसऱ्या दिवशी तास होता, आणि डेमो म्हणजे काय असतं हे मला तरी कुठे माहीत होतं? मी पैसे दिले. घरी आल्यावर काकूंनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. त्या संध्याकाळी आम्हा तिघांचे हात त्याच्यावरून उठलेच नाहीत, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

रविवारी मालकांनी सकाळपासून बंदोबस्त केला. घंटागाडी कोपऱ्यावरच थांबवली. भोंगा लावलेल्या भंगारवाल्याला पुढच्या गल्लीत पिटाळलं. काकूंना सांगितलं, बारापर्यंत मिक्सरला हात लावायचा नाही. आणि स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. नवरा पाळीवर, मुलगी खाली काकूंकडे.

अकराला पुण्याच्या परीक्षक बाई पडद्यावर आल्या. केस पांढरे, चष्मा, चेहऱ्यावर रेष नाही. झाड स्वतःचं अन्न कसं तयार करतं हा धडा त्यांनीच दिला होता. मी गच्चीवरच्या कढीपत्त्याची डहाळी समोर धरली आणि सुरुवात केली. आवाज आधी थोडा कापला, मग स्थिर झाला. सहा वर्षांनी मी शिकवत होते आणि मला येत होतं. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

तेवढ्यात बाई गायब झाल्या. पडद्यावर समुद्रकिनारा आला, ढोल-गिटार वाजायला लागलं, आणि एक तरुणी लॅपटॉप डोक्यावर धरून वाळूतून धावत सुटली. एक भरदार आवाज म्हणाला, "आपके पूरे परिवार के लिए!" मी घाबरून बटणं दाबली. जाहिरात गेली, बाई आल्या. मी माफी मागून पुढे शिकवायला लागले. डहाळी हातात होती, म्हणजे बटणांना हात नव्हता. दीड मिनिटात पुन्हा समुद्र, पुन्हा ती तरुणी. तिसऱ्यांदा झालं तेव्हा परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "मॅडम, हे असंच होत राहणार असेल तर आपण थांबू या का? तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

समोर मी मलाच पडद्याच्या कोपऱ्यात रडवेली दिसत होते.

"कोन वाजवतंय रं?" म्हणत मालक जिना चढून आले. आपल्या बंदोबस्तातून कुणीतरी सुटून वर गेलंय, अशी त्यांची समजूत. दारात आले तेव्हा चौथ्यांदा समुद्र आला होता आणि मी बटण दाबत होते. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना एका क्षणात कळलं. ते खुर्चीशेजारी येऊन इतके वाकले की परीक्षक बाईंना नुसती टोपी आणि कपाळ दिसत असणार.

"रामराम बाई. मी घरमालक. हा लॅपटॉप मी निवडला."

"आजोबा, आमची परीक्षा चालू आहे."

"व्हय, म्हणूनच सांगतो. दुकानदार म्हणला बंद खोकं घ्या, मी घेऊ दिलं नाय. तो म्हणला आत नेऊन साफ करून देतो, मी नेऊ दिलं नाय. चूक माझी हाय. मी चुकलो. या ताईचा काही दोष नाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते शब्द त्यांच्या तोंडाला इतके नवीन होते की म्हणताना त्यांची मान हलत होती. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, पण तास तर मला बघायला मिळाला नाही ना."

"मी बघितलाय की. म्हंजी ऐकलाय. ही पोरीला शिकवती, मी जिन्यात बसतो. सत्तर वर्षं झाडाखाली काढली बाई, झाड जेवतं कसं ते मला कुणी सांगितलं नव्हतं."

"कसं जेवतं?" बाईंनी विचारलं. आवाजात किंचित खोडकरपणा आला होता, मला तेवढ्याही घाईत तो कळला.

"पान म्हंजी चूल. ऊन म्हंजी जाळ. पाणी खालून मुळ्या देतात, हवा वरून पान ओढून घेतं. त्याची साखर शिजती. धूर म्हणून जो सोडतं तो आपण श्वासात घेतो."

"आणि रात्री?"

"रात्री चूल बंद. श्वास चालू. आपल्यावाणीच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण ताई, एक मला कळलं नाय. लाल पानाचं झाड असतं, त्याला हिरवं नाय, मग ते उपाशी का मरत नाय?"

परीक्षक बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "मॅडम," त्या म्हणाल्या, "आजोबांना उत्तर द्या. मी बघते. आजोबा, तुम्ही विद्यार्थी म्हणून बसा."

मग मी शिकवलं. लाल रंगाखाली हिरवं दडलेलं असतं, ते कसं शोधायचं, सगळं. दुकानातला डेमो म्हणजे हीच जाहिरात, आणि बटणांना हात लागत राहिला की ती येत नाही हे मला आता कळलं होतं, तसं मी पुटपुटले. मालकांनी एक बोट लॅपटॉपवर ठेवलं आणि ते हळूहळू फिरवत राहिले, अंगावरून हात फिरवला की बुजरं जनावर उभं राहतं तसं. वीस मिनिटं त्यांनी बोट उचललं नाही आणि माझ्यावरची नजरही हलवली नाही. मधे दोन प्रश्न विचारले, त्यातला एक तर मलाच अवघड गेला. मला वाटत होतं, तास संपला की आधी या माणसाच्या पाया पडावं.

पडले नाही, कारण तास संपल्याबरोबर ते उठले आणि जिना उतरून गेले. जाताना दारातून फक्त एवढंच म्हणाले, "खाली काही बोलू नका."

बुधवारी संस्थेचं पत्र आलं. त्याआधी, सोमवारीच, मी एकटी लॅपटॉप दुकानात घेऊन गेले. विक्रेत्याने तो आत नेला, वीस मिनिटांनी बाहेर आणला आणि हसत विचारलं, "चाचा नई आए?" नोकरीची बातमी मालकांनी तासाभरात साऱ्या गल्लीला सांगितली. लॅपटॉप कसा पायगुणाचा आहे, तीन आठवडे कसा पारखून घेतला, तीन दुकानं कशी नाकारली. काकू भाजी निवडत ऐकत होत्या. "पन्नास वर्षं झाली," त्या मला म्हणाल्या, "या माणसानं एकदा तरी म्हणावं, चुकलं म्हणून. कान तरसले." मी त्यांच्या ताटातल्या मेथीच्या दोन काड्या निवडल्या.

आम्ही आता बीड बायपासला स्वतःच्या घरात राहतो. तो लॅपटॉप अजून चालतो आणि माझे तासही चालू आहेत. पण मालक म्हटलं की मला पत्र आलं त्याच आठवड्यातली एक सकाळ आठवते. मी वरच्या गॅलरीत चादरी वाळत घालत होते. समोरचे पोस्टातले गृहस्थ गेटाशी आले आणि म्हणाले, "काका, पोरीला लॅपटॉप घ्यायचा. तुम्ही चला संगट. यांचा तर तुम्हीच घेऊन दिला ना."

"चलतो की," मालक ओट्यावरून म्हणाले. "पण एक ध्यानात ठेवा. बाहेर मांडलेला घ्यायचा नाय. बंद खोकं घ्यायचं, सील शाबूत बघून. लोकांना कळत नाय, हात लागलेला उचलून आणतात. मी पयल्यापासून हेच सांगतो."

काकूंनी पापड लाटता लाटता मान वर केली. पोस्टातले गृहस्थ गोंधळले. "पयल्यापासून?"

"नाय तर काय. विचारा ताईला." ते वर बघेनात. उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसले होते.

मी तोंडासमोरची चादर बाजूला केली आणि तिघांनाही ऐकू जाईल अशा अगदी खणखणीत आवाजात सांगितलं, "व्हय, काका पयल्यापासून हेच सांगतात."